सातवे टिंब

भाषा बोलणाऱ्यांमुळे टिकते असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. वास्तविक ती टिकते तिच्यासाठी नेमलेल्या समित्यांमुळे. बोलणारी माणसे आज आहेत, उद्या नाहीत; समिती मात्र एकदा नेमली की सहसा जात नाही. ‘मराठी स्पर्शलिपी संवर्धन समिती, नाशिक’ ही अशीच एक समिती असून मी तिचा संस्थापक-चिटणीस आहे. (समिती अशासकीय आहे. पण शिक्का गोल आहे.)

माझी पात्रता थोडक्यात सांगतो. एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षे नोकरी करून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. त्या काळात माझ्या हाताखालून असंख्य फायली गेल्या आणि त्यांतली एखादी मी वाचून पुढे पाठवली, असा ठपका माझ्यावर कोणी ठेवलेला नाही. निवृत्तीनंतर सकाळी फिरणे, दुपारी झोपणे आणि संध्याकाळी देशाची काळजी करणे असा नेम होता. त्यातूनच समाजकार्याची ओढ लागली. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या हिवाळ्यात शहरात मराठीसाठी काहीतरी करणाऱ्यांची इतकी गर्दी झाली, की करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. दुकानांच्या पाट्या एका मंडळाने घेतल्या होत्या. शुद्धलेखन दुसऱ्याने घेतले होते आणि ते एकमेकांच्या पाट्यांवरच्या चुका काढत होते. मोकळी राहिली होती फक्त ब्रेल लिपी. तिच्यातले मला काहीच कळत नसल्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली.

समितीला काम मिळाले ते चिमाजींमुळे. मखमलाबादच्या बाजूला त्यांची दीड एकर फुलशेती आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. त्यांच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दर श्रावणात महिनाभर संध्याकाळी पोथी लागते आणि बावीस वर्षे ती चिमाजी वाचत आले होते. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि शेवटी सगळ्यांनी प्रसाद घ्यायचा, असे या प्रथेचे साधारण स्वरूप आहे. मग काचबिंदूने चिमाजींची दृष्टी गेली. त्यानंतरच्या श्रावणात त्यांनी पाठ होते तेवढे म्हटले. पाठ चार दिवसांत संपले. पाचव्या दिवशी राज नावाच्या मोबाइल दुकानदाराने देवळात ब्लूटूथचा स्पीकर आणून ठेवला आणि पोथी त्यातून ऐकू येऊ लागली. स्पीकरचा आवाज चिमाजींपेक्षा मोठा होता, तो तंबाखू मळायला थांबत नव्हता, आणि मधेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली की भाविकांनाही जरा विश्रांती मिळत होती. शेवटी गल्लीने न्यायाने ठरवले, की येत्या श्रावणाच्या पहिल्या दिवशी चिमाजी स्वतः वाचू शकले तर आसन त्यांचे. नाही तर तिथे स्पीकर कायमचा.

चिमाजी आपल्या पत्नीला, म्हणजे रंगूबाईंना, घेऊन माझ्याकडे आले तेव्हा श्रावणाला आठ महिने अवकाश होता.

“भाऊसाहेब, मला बोटानं वाचाया शिकायचंय,” ते म्हणाले. “पोथी वाचता आली पायजे. आठ महिन्यात व्हईल ना?”

“आठ महिने म्हणजे भरपूर,” मी म्हणालो. हे खरे होते. आठ महिन्यांत किमान सात बैठका घेता येणार होत्या.

“येवढं कराच भाऊसाहेब,” रंगूबाई म्हणाल्या. “त्या डब्याम्होरं मांडी घालून बसायचं म्हणजी ह्यांना लय जड जातं.”

मी अर्ज ठेवून घेतला, त्यावर गोल शिक्का मारला आणि दर बुधवारी चौकशीला या म्हणून सांगितले. लगेच शिकायला बसवणे शक्य होते, पण तसे केले असते तर समितीने काय केले असते हा प्रश्न राहिला असता.

कामाला हात घालण्यापूर्वी विषय समजून घ्यावा असे मला वाटले. (ही सवय निवृत्तीनंतरची आहे.) त्यासाठी मी ज्योत्स्नाबाईंना बोलावले. त्या अंध मुलांच्या एका शाळेत सोळा वर्षे शिकवतात आणि स्वतः जन्मापासून अंध आहेत. येताना त्यांनी जाड कागदाचा एक तक्ता आणला होता. त्यांच्यासाठी त्यावर टिंबे उठवलेली होती आणि माझ्यासारख्यांच्या सोयीसाठी खाली छापील अक्षरे दिली होती.

ब्रेलमध्ये एका अक्षराला जागा फार थोडी असते. शेजारी शेजारी दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत तीन टिंबे. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. यातली कोणती टिंबे कागदावर उठवायची आणि कोणती नाही, यावर अक्षर ठरते. अशा एकूण त्रेसष्ट आकृत्या होतात आणि तेवढ्यात जगातल्या भाषांनी आपापला संसार करायचा असतो. आपल्या शिरोरेषेला तिथे प्रवेश नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी उभी राहते, ती ब्रेलमध्ये इतर स्वरांसारखी अक्षराच्या मागे, रांगेत येते. सहाच्या सहा टिंबे ज्या एकाच अक्षराला मिळाली आहेत ते अक्षर म्हणजे ढ. (आमच्या समितीची सदस्यसंख्याही सहाच आहे. हा योगायोग समजावा.)

इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पण तक्त्यात मराठीच्या शेजारी इतर भाषाही होत्या. मराठीचा क म्हणजे टिंब एक आणि टिंब तीन. हिंदीचाही क तोच निघाला. बंगालीचा तोच, कन्नडचा तोच, तमिळचा तोच. इंग्रजीतला के सुद्धा एक आणि तीन. उर्दू, जी कागदावर आयुष्यभर उजवीकडून डावीकडे चालते, ती ब्रेलमध्ये आली की निमूट डावीकडून उजवीकडे चालू लागते आणि तिचाही क एक-तीनच. एवढे सगळे मी सोसले. पण गुजरातीच्या रांगेत पाहिले आणि माझा चहा गार झाला. सापुतारा आमच्यापासून ऐंशी किलोमीटरवर आहे. इतक्या जवळच्या माणसाशी आपला क मिळताजुळता असणे कोणाही नाशिककराला कसे सहन होईल? (शनिवार-रविवारी सापुताऱ्याला आम्हीच असतो, तो भाग वेगळा.)

“बाई, ही चूक कोणाची?” मी विचारले.

“चूक नाही सर,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “याला भारती ब्रेल म्हणतात. आवाज एक तर टिंबं एक, असं ठरवलंय. मुलाला एकदा क कळला की साऱ्या देशाचा क कळतो.”

“हीच तर काळजीची बाब आहे,” मी म्हणालो.

माझी शेवटची आशा ळ वर होती. ळ हा आपला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. टिंब चार, पाच, सहा. मी चष्मा पुसून शेजारच्या रांगा पाहिल्या. गुजराती, चार-पाच-सहा. कन्नड, चार-पाच-सहा. तमिळ, चार-पाच-सहा. पहिल्या बैठकीत हा अहवाल मी वाचून दाखवला तेव्हा सदस्यांनी दोन मिनिटे शांतता पाळली. ती कोणी जाहीर केली नव्हती.

त्याच बैठकीत मी तो ऐतिहासिक ठराव मांडला. मराठीच्या प्रत्येक अक्षराला सातवे टिंब द्यावे. सहा टिंबे सगळ्यांची, सातवे आपले. कोणत्याही अंध व्यक्तीने कुठेही पानावर बोट ठेवले, की अक्षर कोणते हे कळायच्या आधी ते मराठी आहे हे कळले पाहिजे. अध्यक्ष एका महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य आहेत आणि एरवी ते दुसऱ्याच्या कल्पनेला होकार देत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ही कल्पना आपल्याला आधीच सुचली होती असे सांगितले.

ही धरून सात महिन्यांत सात बैठका झाल्या. टिंब वर द्यावे की खाली, यावर तीन बैठका गेल्या. वर दिले तर शिरोरेषेचा मान राहतो, खाली दिले तर मातीशी नाते राहते. अखेर वरच्या पक्षाचा विजय झाला, कारण खालच्या पक्षाचे एक सदस्य त्या दिवशी नातीच्या बारशाला गेले होते. उपस्थितीची आकडेवारी मी जपून ठेवली आहे. एकूण उपस्थिती एकेचाळीस. पैकी डोळस एकेचाळीस. (एका सदस्यांना मोतीबिंदू होता. त्यांना आम्ही अंधांचे प्रतिनिधी धरले होते, पण मे महिन्यात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि समितीचा समतोल बिघडवला.)

ज्योत्स्नाबाईंना प्रत्येक बैठकीला ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावले जात असे. विशेष निमंत्रिताने आपला विषय निघेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचे असते. त्यांचा विषय साधारण शेवटी निघे, आणि शेवटी वेळ उरत नसे. एकदाच, चौथ्या बैठकीत, त्यांना आत बोलावण्यात आले.

“सर, सहा टिंबं बोटाच्या टोकाखाली एकदम येतात,” त्या म्हणाल्या. “सातवं बाहेर जातं. ते शोधायला प्रत्येक अक्षराला बोट वर न्यावं लागेल.”

“म्हणजे व्यायामही होईल,” अध्यक्ष म्हणाले.

“आणि सगळ्याच अक्षरांना तेच टिंब दिलं, तर ते सांगणार काय?”

“ते सांगण्यासाठी नाहीच,” मी समजावले. “ते असण्यासाठी आहे.”

मग ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, संगणकावर आठ टिंबांचीही पद्धत आहे. हे ऐकून सदस्यांना बरे वाटले. आठ शक्य असताना आपण सातच मागतो आहोत, म्हणजे आपली भूमिका संयमाची आहे, अशी नोंद मी इतिवृत्तात केली.

चिमाजी दर बुधवारी येत होते. बैठकाही बुधवारीच असत. सातव्या टिंबाचा निर्णय होईपर्यंत कोणालाही सहा टिंबांनी शिकवू नये, नाही तर चुकीची सवय लागते, असा आदेश मी काढला होता. त्यामुळे तेही बाहेरच्या बाकावर बसत. रंगूबाई सोबत असत. पाचव्या बैठकीपासून त्या बाजूने सारखे टक् टक् ऐकू येऊ लागले. ‘बाहेरील आवाजामुळे कामकाजात व्यत्यय’ अशी नोंद मी सलग तीन इतिवृत्तांत केली. बाहेर जाऊन आवाज कशाचा आहे हे पाहणे शक्य होते. पण तसा ठराव झालेला नव्हता.

“भाऊसाहेब, कुठवर आलंय?” चिमाजी विचारत.

“जागा ठरली,” मी सांगे. किंवा, “जाडी ठरायची आहे.”

“आखाड लागला,” एका बुधवारी ते म्हणाले. “श्रावणाला महिना बी नाय राह्यला. राजनं नवा स्पीकर घेतलाय, मोठा. गणपतीला बी व्हईल म्हणतो.”

मला अपराधी वाटले हे मान्य करतो. म्हणून मी कामाला वेग दिला. पोथी नंतर करू, आधी ‘मराठी स्पर्श अंकलिपी (सात टिंबी)’ काढू आणि तिच्या प्रकाशनाला चिमाजींनाच व्यासपीठावर बसवू, असे ठरले. अंकलिपीच्या तीनशे प्रती काढल्या. सुरुवातीची अठरा पाने मान्यवरांच्या शुभसंदेशांची आणि छायाचित्रांची होती. ती साध्या छपाईत होती, कारण मान्यवरांना ब्रेल वाचता येत नाही. त्यानंतर अक्षरे.

छपाईच्या यंत्रात सहाच टिंबांची सोय होती. यंत्र परदेशी होते, त्याला दोष देता येत नाही. सातवे टिंब आम्ही हाताने द्यायचे ठरवले. मी, अध्यक्ष आणि दोन सदस्य असे चौघे चार दिवस दाभण घेऊन बसलो आणि मराठीच्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एकेक टिंब टोचले. अध्यक्षांच्या अंगठ्याला फोड आला, तो त्यांनी पुढे अनेकांना दाखवला. फक्त एक बारकावा आमच्या नंतर लक्षात आला. ब्रेलमध्ये टिंब वर उठवायचे असेल तर ते कागदाच्या मागच्या बाजूने टोचावे लागते. आम्ही ते समोरून, नीट बघून टोचले होते. त्यामुळे आमचे टिंब वर न येता आत गेले होते. यावर अध्यक्षांनी सांगितले, की बाकीच्या भाषांची टिंबे वर येतात आणि मराठीचे खोल जाते, यातच सगळे आले.

समारंभाच्या आदल्या दिवशी प्रती बांधून आल्या आणि मी हादरलो. पुस्तक फुगलेले होते. मिटले तरी मिटेना. पाने एकमेकांवर नीट बसत नव्हती, जणू दमट हवेत पापड. प्रमुख पाहुण्यांच्या हातात असला बोंगा द्यायचा, त्याचा फोटो निघायचा, तो पेपरात यायचा. चौतीस वर्षे मी फायलींचा कधी कोपरा दुमडू दिला नव्हता. मी बाइंडरला फोन केला.

“दाबायचे का साहेब?” त्याने विचारले. “मोठ्या दाबयंत्रात घालतो. एका दुपारचं काम आहे. पार पाटीसारखं होईल.”

“दाबा,” मी म्हणालो.

तो एक शब्द मी इतक्या आत्मविश्वासाने उच्चारला, की अजूनही कधी कधी अंघोळ करताना मला तो ऐकू येतो. पुस्तक कशामुळे फुगले आहे, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी ब्रेल समितीचा चिटणीस होतो. तो विचार करणे माझे काम नव्हते.

प्रकाशन थाटात झाले. तीनशे खुर्च्या भरल्या होत्या. तीनशे प्रती टेबलावर रचल्या होत्या आणि त्या इतक्या सपाट, इतक्या सरळ दिसत होत्या, की अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चिमाजी पांढरा सदरा, टोपी घालून व्यासपीठावर बसले. रंगूबाई आणि ज्योत्स्नाबाई तिसऱ्या रांगेत होत्या. रेशमी फीत सुटली, टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी पहिली प्रत चिमाजींच्या हातात दिली आणि सूत्रसंचालक या नात्याने मी जाहीर केले, की आता आमचे पहिले लाभार्थी पहिले पान वाचून दाखवतील.

अक्षरांचे पहिले पान मी स्वतः काढून दिले. चिमाजींनी पानावर बोट ठेवले. ते डावीकडून उजवीकडे नेले. पुन्हा मागे आणून खालून नेले. मग पान उलटले आणि दुसरे बोटाखाली घेतले. मी जवळच उभा होतो. त्या पानावर काय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. दाबयंत्राने उठवलेली टिंबे सगळी बसवून टाकली होती. आमची दाभणाने पाडलेली भोके तेवढी शाबूत होती, कारण भोक दाबून जात नाही. पुस्तकात मराठी राहिली नव्हती. मराठीचे वेगळेपण तेवढे राहिले होते. कोणत्याही परक्या भाषेशी एकही अक्षर न जुळणारी लिपी तयार करण्याचे समितीचे उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले होते.

सभागृह वाट पाहत होते. मग चिमाजींनी मान वर केली, घसा साफ केला, आणि बोट पानावर सरकवत खणखणीत आवाजात वाचू लागले. गणपतीला वंदन झाले, सरस्वतीला झाले, गुरूला झाले, कथा सुरू झाली. दहा-बारा ओव्या त्यांनी एका लयीत म्हटल्या. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतले. प्रमुख पाहुण्यांनी डोळे टिपले. अंकलिपीत ओव्या कशा आल्या, असा प्रश्न तीनशे माणसांपैकी एकालाही पडला नाही. ज्योत्स्नाबाईंनी तोवर वाटली गेलेली एक प्रत मांडीवर उघडून पानावर हात फिरवला आणि पुस्तक मिटून शेजारच्या खुर्चीवर ठेवले.

चहाच्या वेळी चिमाजींनी मला बाजूला घेतले.

“भाऊसाहेब, पुस्तकात अक्षर नाय,” ते हळूच म्हणाले. “निस्ती भोकं हायेत.”

मला लाज वाटली. चौतीस वर्षांत वाटली नव्हती इतकी वाटली. (इतिवृत्तात ही नोंद नाही.)

“मग तुम्ही वाचलंत कशाला?” मी विचारले. “तिथंच सांगायचं. माझी अब्रू गेली असती तर गेली असती.”

“येवढी माणसं बोलावली तुम्ही. समदी माझ्याकडं बघत आसतील. मग वाचल्यावाणी करावं लागतं.” त्यांनी बशीत चहा ओतला. “बावीस वर्सं मी पोथी वाचली. लोक ऐकल्यावाणी करायचे. मला दिसायचं ना. कोणी पेंगायचं, कोणी सोयरिकीचं बोलायचं. मी कधी काय म्हनलो नाय. आज माझी पाळी.”

“आणि श्रावण?” मी म्हणालो. “तीन दिवसांवर आलाय. पोथीचं तर काहीच झालं नाही.”

तेव्हा रंगूबाईंनी पिशवीतून एक गठ्ठा काढून दाखवला. जुन्या कॅलेंडरांची जाड पाने होती; पुढे तिथी आणि सणवार, मागे उठवलेली टिंबे. सात बुधवार बाहेरच्या बाकावर तिघांनी शाळा भरवली होती. पहिल्या चार बुधवारी चिमाजींनी अक्षरे गिरवली आणि घरी जाऊन रोज सराव केला. पुढच्या तीन बुधवारी रंगूबाई पोथी वाचून सांगत होत्या आणि ज्योत्स्नाबाई धातूच्या पट्टीत कागद अडकवून टोच्याने टिंबे पाडत होत्या. उरलेले ज्योत्स्नाबाईंनी शाळेतून घरी गेल्यावर, रंगूबाई फोनवरून वाचून सांगत तसे, केले. सगळे सहा टिंबांत. माझ्या आदेशाचा उघड भंग होता.

“राग नका धरू सर,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “तुमच्या बैठका लांबायच्या म्हणून जमलं.”

ही बाब मी वार्षिक अहवालात ठळकपणे नमूद केली आहे. समितीच्या दिरंगाईचा इतका थेट लाभ जनतेला झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी मी देवळात गेलो. बोलावणे नव्हते. राज स्पीकर चार्ज करून, मांडीवर घेऊन खांबापाशी बसला होता. चिमाजींनी पाटावर कॅलेंडरची पाने ठेवली, नमस्कार केला आणि वाचायला सुरुवात केली. वाचन फार हळू होते. एका ओवीला पूर्वी लागायचा त्याच्या चौपट वेळ लागत होता. एखाद्या अक्षरावर बोट अडले की ते थांबत, मागे येत, पुन्हा पुढे जात. दोनदा शब्द चुकला, दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच दुरुस्त केला. राजने घड्याळ पाहिले, स्पीकरकडे पाहिले. पण ठरले होते वाचता यावे असे. वेगाने यावे असे ठरले नव्हते. अध्याय संपला तेव्हा तो उठला आणि स्पीकर पिशवीत घालून घेऊन गेला. चिमाजींचे आसन चिमाजींकडे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि ते मी चष्म्याच्या काचेवर ढकलले.

लोक प्रसादासाठी उठायच्या आधी चिमाजी माझ्याकडे झुकले.

“भाऊसाहेब, तुमी नोंदी ठेवता ना. मला आता दिसत नाय. सांगा बरं, आज किती जणं ऐकत व्हते?”

मी सभोवार पाहिलेले होतेच. सवयच आहे. उपस्थिती चौतीस. पैकी मोबाइलमध्ये चौदा. झोपलेले पाच, त्यांत एक घोरणारा. कांद्याच्या भावावर हलक्या आवाजात बोलणारे चार. प्रसादाच्या परातीवर नजर असलेले नऊ. उरले दोन. रंगूबाई, ज्या छापील पोथी उघडून प्रत्येक शब्द ताडून बघत होत्या, आणि मी. मीही मधली दहा मिनिटे पुढच्या ठरावाच्या मसुद्यात होतो.

“सगळे,” मी म्हणालो.

चिमाजी हसले. “तुमी लय चांगली नोंद ठेवता,” ते म्हणाले.

हा अहवाल ज्योत्स्नाबाई ब्रेलमध्ये उतरवणार आहेत, आणि पोथीतून सवड मिळाली की चिमाजी तो वाचणार आहेत. त्यांना वेळ लागेल. नुकतेच बोटाने वाचायला शिकलेल्या माणसाला ओळ वरवर बघून पुढे जाता येत नाही; ती ओळ कंटाळवाणी आहे हे कळण्यासाठीही ती पूर्ण हाताखालून जावी लागते. कंसातला मजकूरसुद्धा. तुमचे तसे नाही. तुम्हाला डोळे आहेत. मध्ये टिंबांचे आकडे लागोपाठ आले, भाषांची रांग लागली, तिथे तुमच्या डोळ्यांनी काय केले ते मला चांगले माहीत आहे, कारण माझेही तेच करतात. पण चिमाजींनी उद्या विचारले, की भाऊसाहेब, डोळसांपैकी किती जणांनी हे समदं वाचलं, तर तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी सांगेन, सगळ्यांनी.